ऑस्टरलित्स : न झालेले नामांतर

प्रश्न आला आहे की, नेपोलियनने २ डिसेंबर १८०५ रोजी जिंकलेले ‘ऑस्टरलित्झ’ आज नकाशात का सापडत नाही आणि त्याचे नामांतर कधी झाले?

झालेच नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहराच्या पूर्वेला ‘स्लाव्हकोव्ह’ शोधा, सापडेल; ऑस्टरलित्स हे त्याच गावाचे जर्मन नाव. चेक गावांबद्दल ‘नामांतर’ हा शब्द इतका ढिसाळपणे वापरतात की वैताग येतो. म्हणे ‘पिल्सेनचे प्लझेन केले’. कोणी केले? चेक आणि जर्मन, दोन्ही भाषा शेजारी नांदत होत्या, एका गावाला दोन नावे शतकानुशतके चालत होती. १९४५ नंतर सुमारे तीस लाख जर्मनांना हाकलले गेले आणि एक नाव बोलणारेच उरले नाहीत. खरे नामांतर ‘नेमेत्स्की ब्रोड’चे, म्हणजे ‘जर्मन उतारा’चे (नदीतला उतार). १९४५मध्ये पत्रकार हाव्लिचेकच्या नावाने ते ‘हाव्लिचकूव्ह ब्रोड’ झाले.

योआखिम्सथाल या चेक खाणगावाच्या चांदीतून ‘डॉलर’ आला ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. मजा ऑस्टरलित्समध्येच आहे. जर्मनमध्ये ‘आउस्टर’ म्हणजे कालव, म्हणून हे ‘कालवांचे गाव’, असे ठोकून देणारे महाभाग आहेत. हे गाव ज्या प्रदेशात आहे त्या मोराव्हियाला समुद्र कुठला! ‘ओस्टेन’, म्हणजे पूर्व, असे सांगणारे जरा सभ्य दिसतात, चूक तेवढीच. हे जर्मन नाव मुळात स्लाव्हच आहे : ‘नोवोसेड्लित्से’, नवी वस्ती. जर्मन तोंडात त्याचे ‘नाउसेडलित्स’ झाले, पुढे आरंभीचा ‘न’ गळला आणि उरलेल्याचे आउस्टरलित्स. आता सुटे करून पाहा : ‘नोवो’ म्हणजे आपले ‘नव’, आणि ‘सेड्’ म्हणजे ‘सद्’, बसणे; सदन, परिषद, उपनिषद यांतला तोच धातू! युरोपातल्या एवढ्या गाजलेल्या रणभूमीच्या नावात उपनिषदाचा सख्खा भाऊ बसला आहे आणि आमचे कोशकार कालवे वेचताहेत. उलट ‘स्लाव्हकोव्ह’ हे स्लावेक नावाच्या माणसावरून आले. ते या नावाचे भाषांतर नव्हे. भाषांतर पाहायचे तर मोस्ट–ब्र्युक्स ही चेक–जर्मन जोडी पाहा, दोन्हींत पूल आहे, किंवा लोकेट–एल्बोगेन, दोन्हींत कोपर; तिथे ओहरे नदी खरोखरच कोपरासारखी वळते.

आणि ते ‘लित्झ’ लिहिणे थांबवा. शेवटी ‘त्स’ आहे. चेकमधल्या ‘सी’ (c) अक्षराचा उच्चारही तोच, ‘चमचा’तल्या ‘च’सारखा. ओलोमोउत्स (Olomouc) या चेक शहराला ‘ओलोमोक’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर काही सबबच नाही, हा ‘च’ त्याच्या घरचा आहे.