घरामागे कोंबड्या? आधी खुराडं नीट करा

ताई, घोडबंदरच्या गावठाणात घरामागे जागा आहे, कोंबड्या पाळायच्यात म्हणताय, तर चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, आणा. पिल्लं नकोत, त्यांना ऊब द्यावी लागते आणि लहान मुलं त्यांना खाली ठेवतच नाहीत. कोंबडाही नको. अंडी त्याच्याशिवाय मिळतात, फक्त त्यांतून पिल्लं होत नाहीत. शिवाय तो पहाटे आरवला की शेजारची सोसायटी दारात!

खरा पैसा खुराड्यावर घाला. नवखे हमखास पातळ षटकोनी जाळी लावतात. तिने कोंबडी आत राहते, मुंगूस बाहेर राहत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, कडेने फूटभर जमिनीत पुरा. येऊरच्या जंगलाच्या बाजूला बिबटेही फिरतात, म्हणून तिन्हीसांजेला कडी लागलीच पाहिजे.

आपल्याकडे थंडीपेक्षा ओल जास्त छळते. जोतं उंच करा, खाली भाताचं तूस पसरा. मूठभर तूस दाबून बघा, गोळा झाला तर बदला. पावसाळ्यात चारही बाजूंनी ताडपत्री ठोकू नका, आत घाण वास कोंडतो आणि कोंबड्या शिंकू लागतात.

बाकी थोडक्यात:
- मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालेल्याच तलंगा घ्या.
- पहिला आठवडा कोंडूनच ठेवा, मग घर ओळखतात.
- उरलासुरला भात चाखण्यापुरता. अंडी सुरू झाली की लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) आणि शिंपल्यांचा चुरा.
- मुलांनी कोंबडी हाताळली की साबणाने हात धुवायचे.

खुडूक (अंड्यांवर बसून राहणारी) कोंबडी, उबवणी, जाती हे सगळं नंतर. जाळी लागली की विचारा, तलंग कशी पारखायची ते सांगते.