लंडनच्या रंगभूमीवर पोट भरेल का? सांगलीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. मुलगी बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत अभिनयाची दोन आणि गेल्या वर्षी दिग्दर्शनाचे एक पारितोषिक मिळवलेली. लंडनच्या एका विद्यापीठात नाट्यदिग्दर्शनाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला तिला प्रवेश मिळाला आहे आणि पुढे तिथेच राहून नाटकात काम करायचे, असे ती म्हणते. त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढावे लागेल. म्हणून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : बाहेरून गेलेल्या माणसाचे तिथल्या रंगभूमीवर पोट भरते का, आणि तिचे इंग्रजी उच्चार सुधारण्यासाठी आत्तापासून शिकवणी लावावी का.

उच्चारांचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे. मिखाइल चेखव हे मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेतले अव्वल दर्जाचे नट आणि नाटककार अंतोन चेखव यांचे पुतणे. १९२८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. बर्लिन, पॅरिस, रीगा, काउनास अशी भटकंती करत १९३६ मध्ये ते इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे नाट्यशाळा चालवण्यासाठी पोहोचले, आणि महायुद्धाचे ढग जमू लागल्यावर शाळेसह अमेरिकेला गेले. इंग्रजीवर त्यांनी मेहनत घेतली ती पंचेचाळिशीच्या आसपास, आणि जिभेवरचा रशियन हेल अखेरपर्यंत गेला नाही. हॉलिवूडमध्ये त्यांच्या वाट्याला बहुधा परदेशी वळणाची चरित्रपात्रेच आली. त्यांपैकी १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’मधील वृद्ध मानसोपचारतज्ज्ञासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, हे खरे. तरी आज जगभरच्या नाट्यशाळांत त्यांचे नाव घेतले जाते ते त्यांनी शिकवलेल्या अभिनयपद्धतीमुळे. तात्पर्य, नटाला कोणीतरी भूमिका द्यावी लागते आणि देणारा आधी कान देऊन उच्चार ऐकतो. दिग्दर्शक किंवा शिक्षक मात्र आपले काम स्वतः घेऊन येऊ शकतो. म्हणून शिकवणी लावायचीच असेल तर ती स्पष्ट आणि न अडखळता बोलण्यापुरती लावा. सांगलीच्या मुलीला लंडनची मुलगी करून दाखवणाऱ्या शिकवणीवर पैसे घालवू नका, कारण लंडनच्या मुली लंडनमध्ये भरपूर आहेत.

आपल्या मुलीच्या आकांक्षेशी जास्त जवळचे उदाहरण जतिंदर वर्मा यांचे आहे. जन्म दारेसलामचा, बालपण नैरोबीचे, आणि केनियातून भारतीय वंशाची कुटुंबे निघाली त्या लाटेत १९६८ साली, चौदाव्या वर्षी ते ब्रिटनमध्ये आले. त्यांनी नाट्यशाळेत शिक्षण घेतले नाही. यॉर्क विद्यापीठात इतिहास शिकले. १९७६ मध्ये लंडनच्या साउथॉल भागात एका शीख तरुणाची वंशद्वेषातून हत्या झाली. त्या अस्वस्थतेतून पुढच्याच वर्षी त्यांनी काही मित्रांसह ‘तारा आर्ट्‌स’ ही नाट्यसंस्था काढली आणि पहिले नाटक निवडले ते रवींद्रनाथांचे ‘विसर्जन’, इंग्रजीतून. आपल्याजवळ जे होते त्यापासूनच त्यांनी सुरुवात केली, हे लक्षात घ्यावे. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्यांना दिग्दर्शनाची संधी मिळाली ती १९९० साली, म्हणजे संस्था काढल्यानंतर तेरा वर्षांनी. मोलिएरचे फ्रेंच नाटक ‘तार्तुफ’ त्यांनी औरंगजेबाच्या काळातील हिंदुस्थानात आणून बसवले आणि आशियाई नटांच्या बोलण्यातील इंग्रजीचे वेगळे वळण न लपवता तेच प्रयोगाचे बळ केले. या भाषेला ते ‘बिंग्लिश’ म्हणत. पुढे त्याच नॅशनल थिएटरमध्ये त्यांनी ‘मृच्छकटिक’ही केले. देवलांच्या संगीत ‘मृच्छकटिका’वर पोसलेल्या आपल्या भागातल्या मुलीने हे वाचून नुसता अभिमान बाळगू नये, हेवा करावा.

तेरा वर्षे हा आकडा कर्जाच्या हप्त्यांशेजारी मांडून पाहा. जोहरा सेहगल १९६२ मध्ये लंडनला गेल्या तेव्हा त्यांचे वय पन्नास होते आणि पाठीशी उदय शंकर यांच्या नृत्यसंघातील व पृथ्वी थिएटरमधील प्रदीर्घ अनुभव होता. तरीही तिथे त्यांना सुरुवातीला नाट्यगृहात इतर नटांना कपडे चढवून देण्याचे काम करावे लागले. असे काम करण्याची माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची तयारी असते. अडचण येते ती कागदपत्रांची.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला साधारणतः २० तास नोकरी करता येते. मात्र स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि अभ्यासक्रमाचा भाग नसलेले व्यावसायिक कलावंताचे काम तर घेताच येत नाही. म्हणजे आपली मुलगी कॉफीच्या दुकानात कप विसळू शकेल, पण शेजारच्या छोट्या नाट्यगृहात मानधन घेऊन उभी राहू शकणार नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला हे कळले ते भूमिका मिळाल्यावर, तिसऱ्या तालमीच्या दिवशी. त्याला भूमिका सोडावी लागली. पदवीनंतरच्या ‘ग्रॅज्युएट’ व्हिसावर असे काम मोकळेपणाने करता येते, पण पदव्युत्तर पदवीसाठी त्याची मुदत आजवर दोन वर्षांची होती, ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर आणली आहे. त्यानंतरचा नेहमीचा मार्ग म्हणजे ठरावीक वार्षिक पगार देणाऱ्या मालकाच्या आधारे मिळणारा नोकरीचा व्हिसा, आणि नाटकाचा करार तर काही आठवड्यांचा असतो. उरतो ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसा, ज्यासाठी आर्ट्‌स कौन्सिल इंग्लंड या कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेची शिफारस लागते आणि तिथे पारितोषिकांपेक्षा अलीकडच्या काळातील व्यावसायिक कामाचे पुरावे पाहिले जातात. आपल्या मुलीकडे आज पारितोषिके आहेत, पुरावे नाहीत.

म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो : तिने जावे, पण या वर्षी नव्हे, आणि घर तारण ठेवून तर नाहीच. दोन-तीन वर्षे तिने इथे व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमीवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम करावे, दोन नाटके स्वतः बसवावीत, जमल्यास राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशाचाही प्रयत्न करावा, जिथे विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. विजया मेहता यांनी फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकासोबत काम केले आणि पुढे जर्मनीत तिथल्या नटांना घेऊन संस्कृत नाटकेही बसवली. त्या गेल्या त्या मुंबईत दिग्दर्शक म्हणून सिद्ध झाल्यावर. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या, १९३२ पासूनच्या संस्थांत मुलीला आपुलकी मिळेल, मराठी प्रयोगही करता येतील. त्यावर उपजीविका मात्र चालणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

प्रवेशाची अनामत अजून भरली नसेल तर विद्यापीठाला दोन ओळींचे पत्र पाठवून प्रवेश पुढे ढकलता येतो का, हे लेखी विचारून घ्या. आणि मुलीला मला थेट लिहू द्या. लंडनमध्ये पहिले नाटक कोणते बसवायचे, हे तिने ठरवले आहे का, एवढेच मला तिच्याकडून हवे आहे.

आपला,
करिअर मार्गदर्शक