रेंज गेल्यावर निरोप कसे जातील?

प्रश्न : जुलै 2021 च्या महापुरात आमच्याकडे मोबाइल बंद पडले आणि पलीकडच्या वाडीतील नातेवाइकांची खबर कळेना. आता आम्ही काही मित्र ‘मेशटॅस्टिक’चे, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे रेडिओवरून छोटे लेखी संदेश पोचवणारे, संच घेऊन आपलेच जाळे उभारू पाहत आहोत. त्यासाठी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागेल का? संच किती अंतरावर ठेवावेत? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : परवाना लागणार नाही. 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त उपकरणांसाठी खुला आहे. म्हणून संच 433 किंवा 915 चा न घेता 868 चा (या नावाने मिळणारा संच याच पट्ट्यात चालतो) घ्यावा आणि अ‍ॅपमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडावा. हॅमची वाट निराळी आहे. परीक्षा दिल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरचे ओळखनाव) मिळतो, अधिक शक्ती वापरता येते, मात्र मजकूर उघडच ठेवावा लागतो. मेशटॅस्टिकवर तो कुलूपबंद करता येतो; फक्त संचात आधीपासून असलेल्या चॅनेलची किल्ली (कुलूप उघडणारा संकेत) जगजाहीर असल्यामुळे ती बदलून घ्यावी.

अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका, मध्ये काय आहे ते पाहा. वाशिष्ठीच्या खोऱ्यात दोन वाड्यांमध्ये एक टेकाड आले, तर हाताशी असलेले गावही गाठता येत नाही. उलट परशुराम घाटाच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंना मोकळी नजर असलेल्या जागी ठेवलेला एकच नोड (जाळ्यातला संच) खालच्या अनेक घरांना जोडू शकतो. तेथे कमी वीज खाणारा, एनआरएफ52 चिपचा संच, लहान सौर पॅनेल आणि कोकणातल्या पावसाळ्याचे ढगाळ आठवडे निभावतील एवढी बॅटरी ठेवावी. अँटेना जोडल्याशिवाय संच सुरू करू नये, प्रक्षेपकच जळण्याचा धोका असतो. प्रत्येक संदेश एका संचाकडून पुढच्या संचाकडे अशा मुळात 3 उड्या घेतो आणि ही मर्यादा 7 पर्यंत वाढवता येते, पण उत्साहाच्या भरात सर्वांनीच ती वाढवली आणि ‘राउटर’ ही, इतरांचे संदेश पुढे धाडण्याची, भूमिका घेतली, तर सेकंदाला सुमारे 1 किलोबिट एवढीच वाहतूक पेलणारी ही वाट तुंबते. आवाज किंवा छायाचित्रे यांची अपेक्षा ठेवू नये.

एक बाब मराठी वापरणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावी. एका संदेशात जेमतेम 200 बाइट मावतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, 3 बाइट घेते. त्यामुळे 60-65 चिन्हांतच सांगणे आटोपावे लागते. ‘पाणी पायरीला’, ‘औषध हवे’, ‘सर्व सुखरूप’ असे ठरावीक निरोप पावसाळ्यापूर्वीच ठरवून, घरातील वडीलधाऱ्यांकडूनही एकदा पाठवून घ्यावेत.