मांसाहार सोडला तर तब्येत आणि पर्यावरण दोन्ही सुधारतं का?

तुमचं घर सोलापुरात, नोकरी पुण्यात. ऑफिसातले दोघेतिघे वीगन (मांसच काय, दूध-अंडीही न खाणारे) झालेत आणि सांगतात, मटण सोड, आतडी वाचतील, पृथ्वीही वाचेल. इकडे आई म्हणते, मटण सोडलंस तर अंगात रक्त राहायचं नाही. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी सगळी सांगोला-मंगळवेढा भागात, शेळ्यामेंढ्यांच्या संगतीत गेली, आणि रविवारी घरी मटण शिजतं. तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही, हे धरून वाचा.

मित्रांचं जे खरं आहे ते आधी. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सॉसेज, बेकन, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. म्हणजे त्यानं माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. मटणासारखं लाल मांस त्याच्या खालच्या गटात, 'बहुधा होत असावा' या शेऱ्यासह. प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. या वाक्यातला 'रोज' लोक गाळतात. भारतात माणशी वर्षाला मांस जेमतेम पाच-सहा किलो खाल्लं जातं, जगाची सरासरी चाळीस किलोच्या वर, अमेरिकेत शंभराच्या वर. आपल्याकडे आठवड्याला अर्धा किलो मटण आणायचं, त्यात पाच माणसं जेवायची आणि उरलेला रस्सा सोमवारी पोरं भाकरीशी संपवणार (मोठ्यांचा सोमवार असतो). तो इशारा मुळात या ताटासाठी दिलेला नाही. पुण्यातल्या तुमच्या फ्रीजमध्ये सॉसेज आणि नगेट्सची पाकिटं असतील तर मात्र आधी ती बंद करा. आणि रस्स्यावर बोटभर तर्री हवीच असा आपल्याकडचा हट्ट असतो, त्या तेला-मिठाचाही हिशोब धरा.

आईचंही निम्मं खरं आहे. मांसातलं लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं, आणि बी-12 तर वनस्पतीत भरवशाचं मिळतच नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आणि त्याच पाहणीत सत्तर टक्के बायका कधी ना कधी मांस-मासे खाणाऱ्या आहेत. मग रक्त जातं कुठं? मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणं, जंत ही कारणं आहेतच. पण ताटाकडेही बघावं. फोडी पुरुषांना आणि पोरांना, नळी घरच्या कर्त्याला, आणि जिनं चुलीपुढं तासभर धूर खाल्ला तिला शेवटी रस्सा आणि एखादं हाड. अशा घरात मांसाहार होतो, बाईचा होत नाही. शिवाय कितीतरी घरांत बाई माळकरी असते, शिजवून घालते आणि स्वतः शेंगाचटणीशी जेवते. खरं तर बोकडाच्या काळजात आणि रक्तीत, म्हणजे शिजवलेल्या रक्तात, लोह भरपूर. आपल्याकडे रक्ती करायची रीत जुनी, स्वस्त आणि शहाणपणाची होती. आता शिकलेल्या घरांत तिचं नाव काढायला लाजतात. गरोदर बाईनं काळीज वरचेवर खाऊ नये, त्यात जीवनसत्त्व अ फार असतं, एवढं पथ्य.

आता पर्यावरण. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेनं 2013 साली हिशोब मांडला, की माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के पशुपालनातून येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवतो. शेळी यातून सुटत नाही. माळावरची शेळी सावकाश वाढते, त्यामुळे किलोमागे तिचा मिथेन उलट जास्तच पडतो. हे मला सोयीचं नाही, पण खरं आहे. फक्त मित्रांना एवढं विचारा, की ते दूध-पनीर सोडून बसलेत का नुसतं मटण सोडून? भारतातल्या जनावरांचा मिथेन मुख्यतः गाई-म्हशींचा, म्हणजे दुधाच्या धंद्याचा आहे. खरे वीगन असतील तर त्यांचा मुद्दा पक्का आहे. पनीर टिक्का खाऊन मटणाला नावं ठेवत असतील तर तो कच्चा आहे.

पाण्याचं मात्र मी सोलापूरकर म्हणून वेगळं सांगणार. शेळी-मेंढीच्या एका किलो मांसाला साडेआठ-नऊ हजार लिटर पाणी लागतं, हा आकडा तुम्ही वाचला असेल. त्यात बहुतेक पाणी पावसाचं, गवत-झुडपावर पडलेलं. उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचं गवत आणि काढणीनंतरचा कडबा यांवर जगते. ते पाऊसपाणी शेळी नसती तरी उजनी धरणात जमा झालं नसतं. त्याच जिल्ह्यात तीसेक साखर कारखाने आहेत, आणि आपल्या राज्यात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं ते धरणाचं आणि बोअरचं. 2019 च्या दुष्काळात सांगोल्यात जनावरं छावणीत बांधली होती. ती पाळी मटणामुळे आली, असं सांगायला मी धजणार नाही. कोंबडीचा मिथेन नाममात्र, पण ती मका आणि सोयाबीन खाते, म्हणजे तिच्यामागे शेतच लागतं.

माळाचीही एक बाजू आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक जवळपास दिसत नाही. अति चराईनं गवताची वाट लागते हे मान्य, पण माळ नांगरला गेला, पाणी आलं तिथं ऊस आला, हा घाव जास्त खोल. मेंढ्या रात्री शेतात बसवल्या की लेंडीखत फुकट मिळायचं आणि धनगराला धान्य मिळायचं, तो व्यवहार अजून चालतो, पण कमी झालाय.

मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्याबद्दल थोडं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. त्याला वाढीची हार्मोन टोचत नाहीत. जात निवडून काढलेली आणि खाद्य नेमकं, म्हणून तो सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. भीती अँटिबायोटिकची. कोलिस्टिन हे माणसासाठी राखीव ठेवायचं औषध कोंबडीच्या खाद्यात जायचं, 2019 मध्ये केंद्रानं जनावरांसाठी ते बंद केलं. बाकीची बरीच औषधं अजूनही मेडिकलमध्ये मागाल तशी मिळतात, आणि औषध दिल्यावर ठरलेले दिवस थांबून मगच पक्षी विकायचा, हे पाळणारे सगळेच नसतात.

समाजाचं काय, असंही तुम्ही विचारलंत. सोलापुरात एका वाड्यात लिंगायताचं, पद्मशालीचं आणि मुसलमानाचं घर शेजारी नांदलेलं आहे. गावागावात दर्ग्याला कंदुरी (बोकडाचा नैवेद्य) करणारे कितीतरी हिंदू आहेत. हे मी कौतुकानं सांगतोय, पण खोली भाड्यानं मागायला गेलं की 'नॉनव्हेज चालणार नाही' हे आधी ऐकायला मिळतं, आणि त्याआडून जात विचारली जाते, हेही बघतोय. 2015 मध्ये राज्यात बैल कापायलाही बंदी आली. माझ्या कामात त्याचा अर्थ असा, की थकलेला बैल दुष्काळात विकायची वाट बंद झाली आणि तो भार ज्याच्याकडे कडबा नाही त्याच्या दावणीला राहिला. राज्यानं 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात अंडं आणलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. आठवड्याला एक अंडं होतं हो ते, आणि न खाणाऱ्यांना केळं होतं.

तेव्हा तुमच्यापुरतं: आठवड्यातून एकदा मटण किंवा मासे, अंडी अधूनमधून, पाकिटातलं मांस बंद, एवढ्यावर तब्येतीला धोका नाही. आईचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तिच्या ताटात फोडी पडतात का तेही बघा. मित्रांसारखं सगळं सोडायचं असेल तर खुशाल सोडा, फक्त बी-12 ची गोळी डॉक्टरला विचारून कायमची सुरू करा, डाळ-उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही.