वीस टक्क्यांबरोबर काय काय जातं

प्रिय मित्रा,

तुमच्या गेम स्टुडिओसाठी गुंतवणूकदाराने दिलेली टर्म शीट, म्हणजे अटींचा प्राथमिक मसुदा, वाचली. ४ कोटी रुपये आणि त्याबदल्यात २० टक्के हिस्सा, या दोनच आकड्यांवर तुझी नजर खिळलेली दिसते. बाकी ८० टक्के आपले, म्हणजे स्टुडिओ आपलाच, असा तुझा हिशेब आहे. तो आधी दुरुस्त करू. ईसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखीव शेअर, गुंतवणुकीनंतरच्या एकूण शेअरांच्या १० टक्के होईल इतका गुंतवणुकीआधीच काढून ठेवायचा, अशी अट आहे. तो तुम्हा दोघा संस्थापकांच्याच वाट्यातून जाणार, म्हणजे हातात प्रत्येकी ४० नव्हे, ३५ उरतात.

आता ताब्याचं बघ. २०१२ साली चीनच्या टेन्सेंटने सुमारे ३३ कोटी डॉलर देऊन एपिक गेम्स या अमेरिकी गेम कंपनीचा जवळपास ४० टक्के हिस्सा घेतला. तरीही कंपनीचं नियंत्रण संस्थापक टिम स्वीनी यांच्याकडेच राहिलं. उलट युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीमध्ये विवेंडी ही माध्यम कंपनी बाजारातून शेअर गोळा करत २७ टक्क्यांपर्यंत पोहोचली, आणि त्याहून कमी हिस्सा असलेल्या संस्थापक गिलेमो कुटुंबाला कंपनी हातची जाण्याची धास्ती लागली. २०१८ मध्ये विवेंडीने २०० कोटी युरोंना तो हिस्सा विकला, तेव्हा कुठे धोका टळला. दुसऱ्याच्या हिश्शाइतकंच तुमच्याकडे किती उरलं आणि कागदावर काय लिहिलंय, हेही महत्त्वाचं.

आपल्या कंपनी कायद्यात विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. म्हणजे २५ टक्क्यांच्या वर गेलेला एकटा भागधारकसुद्धा आर्टिकल्समधला, म्हणजे कंपनीच्या नियमावलीतला, बदल अडवू शकतो. तुझा गुंतवणूकदार आज २० वर आहे. पुढच्या फेरीत त्याने आणखी शेअर घेतले तर ती रेषा सहज ओलांडेल.

पण तोवर थांबायची त्याला गरजच नाही, कारण ‘रिझर्व्ह्ड मॅटर्स’ची, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय न करायच्या गोष्टींची, यादी त्याला आजच व्हीटो देते. नवे शेअर, मोठं कर्ज, कंपनीची विक्री, नात्यागोत्यातले व्यवहार, यांवर त्याची संमती रास्त आहे. बजेटमधला प्रत्येक बदल, रिलीजची तारीख, पब्लिशरची निवड, नेमणुका हे मात्र खोडायला लाव. गेमचं काम लांबतंच. दर वेळी परवानगीसाठी ताटकळलास तर टीमचा पगार जळत राहतो. बजेटला २० टक्क्यांची मोकळीक माग, आणि सात दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत धरावी, असं वाक्य घाल.

लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेल्यावर गुंतवणूकदाराला आधी पैसे मिळण्याचा हक्क, कागदावर मांडून बघ. समजा स्टुडिओ १० कोटींना विकला गेला. साध्या एकपट नॉन-पार्टिसिपेटिंग अटीत (गुंतवलेली रक्कम किंवा हिश्शाप्रमाणे वाटा, दोन्हींतलं एकच) गुंतवणूकदार ४ कोटी घेईल, बाकीच्यांना ६ राहतील. पार्टिसिपेटिंग असेल तर आधी ४ आणि उरलेल्या ६ चे २० टक्के, म्हणजे ५.२ कोटी त्याचे. दुप्पट प्रेफरन्स असेल तर ८ कोटी तिकडे आणि २ कोटीत तुम्ही दोघं आणि ईसॉपवाले सगळे. एकपट नॉन-पार्टिसिपेटिंगच्या पुढे जाऊ नकोस. इथे मी अजिबात तडजोड सुचवणार नाही.

पैसे दोन हप्त्यांत आहेत आणि दुसरा ‘समाधानकारक व्हर्टिकल स्लाइस’वर, म्हणजे गेमचा पूर्ण दर्जाचा छोटा नमुना दाखवल्यावर. समाधान कोणाचं? तो शब्द काढ. वीस मिनिटांचा सलग खेळता येणारा भाग, ठरलेल्या मशीनवर १०८०पी स्पष्टता आणि सेकंदाला ६० फ्रेम (एफपीएस), असं मोजता येईल ते लिही. नाहीतर तिजोरी रिकामी होत आली की दुसरा हप्ता नव्या, कडक अटींवर येतो.

गुंतवणूकदार स्वतः पब्लिशर आहे, म्हणून ‘राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल’ला, म्हणजे दुसऱ्याने देऊ केलेल्या भावात गेम आधी स्वतः घेण्याच्या त्याच्या हक्काला, पंधरा दिवसांची मुदत घाल. मोकळी मुदत राहिली तर दुसरा पब्लिशर बोलीच लावणार नाही. आपण मेहनत करून ठरवलेल्या भावात गुंतवणूकदारच गेम उचलून नेणार, हे त्या पब्लिशरला कळतं.

ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे गुंतवणुकीआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत, तुझी खरी अडचण वेगळीच निघेल: फ्रीलान्सरांकडून घेतलेलं संगीत आणि आर्ट. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी लागतं. करारात मुदत नसेल तर ते ५ वर्षांपुरतं आणि क्षेत्र नसेल तर भारतापुरतंच धरलं जातं. हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही लोपू शकतो. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘एका वर्षात न वापरल्यासही हक्क अबाधित’ हे तिन्ही उल्लेख प्रत्येकाच्या करारात घालून या आठवड्यातच सह्या घे. वाटाघाटीत एक्स्क्लुझिव्हिटी (दुसऱ्या गुंतवणूकदाराशी न बोलण्याचं बंधन) ३० दिवसांहून जास्त देऊ नकोस, आणि संस्थापकांचे हक्क शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटबरोबर (भागधारकांमधला करार) आर्टिकल्समध्येही उतरवून घे.

सुधारलेला मसुदा पाठव, शब्दन् शब्द वाचतो.

तुझा हितचिंतक