पुण्यात एकमजली घर बांधतोय. एसी न लावता वारा खेळता राहावा म्हणून काय करावं?

नुसत्या मोठ्या खिडक्यांनी भागत नाही, आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. पुण्यात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. त्यामुळे झोपायच्या खोलीला एक खिडकी पश्चिमेला आणि दुसरी समोरच्या भिंतीत हवीच. बाहेर जाणारी वाट आत येणारीपेक्षा लहान नको. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, नुसत्या छज्जाने अडत नाही. तिथे बाहेरून झडपा लावा.

सरकत्या खिडक्या घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. चार फुटी खिडकीतली दोनच फूट उघडते, निम्मा वारा काचेवरच अडतो. जुन्या पद्धतीची दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते.

गरम हवा वर चढते, म्हणून छताला लागून झरोके ठेवा. जिन्याच्या माथ्यावरही जाळी ठेवा. वाड्यांतले चौक हेच काम करायचे. रात्री सगळं उघडं ठेवून भिंती गार होऊ द्या आणि सकाळी ऊन तापायच्या आत बंद करा.

भिंती उभ्या राहिल्या की संध्याकाळी खिडकीच्या जागी उदबत्ती धरून बघा. धूर आत वळून समोरून बाहेर पडला तर जमलं. तिथेच घुटमळला तर गिलाव्याआधी झरोका वाढवून घ्या.