वाचकांचे प्रश्न : वॉरंटी संपायच्या आत लॅपटॉपची तक्रार

प्रश्न : लॅपटॉप दोन-तीन दिवसांतून एकदा आपोआप बंद पडतो. सर्व्हिस सेंटरने ठेवून घेतला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. वॉरंटी संपायला तीन आठवडे उरलेत. आता काय करावं?

उत्तर : आधी तक्रार लेखी नोंदवा, दुरुस्तीचं नंतर पाहू. मुदतीत तक्रार नोंदली गेली असेल तर दुरुस्ती मुदतीनंतर झाली तरी ती सहसा वॉरंटीतच धरतात. मात्र नुसतं फोनवर बोलणं पुरत नाही. कंपनीच्या साइटवरून किंवा ईमेलने तक्रार करा आणि केस नंबर मिळवा. तक्रारीत सीरियल नंबर, दोष पहिल्यांदा दिसला ती तारीख आणि आधीच्या जॉबशीटचा (सेंटरने दिलेल्या दुरुस्तीच्या पावतीचा) क्रमांक लिहा. ‘दोष आढळला नाही’ म्हटल्यावर जुनी केस बंद झालेली असते. तिच्यावर विसंबून राहिलात आणि मुदत उलटली, तर तुमची तक्रार नवी समजली जाईल.

असा शेरा का पडतो, तेही लक्षात घ्या. टेबलावर आलेला लॅपटॉप थंड असतो, चार्जर लावलेला असतो, स्थिर असतो आणि त्यावर दहा-पंधरा मिनिटांची झटपट चाचणी चालते. अधूनमधून येणारे दोष मात्र यंत्र तापल्यावर, बॅटरीवर चालताना, झाकण हलवल्यावर किंवा स्लीपमधून जागं करताना दिसतात. म्हणून तुमचा दोष नेमका कोणत्या स्थितीत येतो ते शोधा आणि तेच शब्द जॉबशीटवर लिहून घ्या. ‘हँग होतो’ असं लिहिलं तर तंत्रज्ञाला काहीच सापडत नाही. ‘चार्जरवर, अर्धा तास व्हिडिओ कॉल चालल्यानंतर, पंखा जोरात असताना, कोणताही संदेश न येता स्क्रीन काळी होते, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरल्यावरच पुन्हा सुरू होतो’ असं लिहिलं, तर त्याला ती स्थिती तयार करून बघावीच लागते.

मग पुरावा. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’ शोधलंत तर दिवसवार आलेख उघडतो आणि बंद पडलेल्या दिवसांवर लाल फुल्या दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या आतल्या घडामोडींच्या नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बरेच जण पाठवतात. ती फक्त एवढंच सांगते की यंत्र नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण सांगत नाही, म्हणून एकट्या त्या नोंदीवर काही होत नाही. त्याच सुमाराला ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या चुका दिसत असतील तर त्या आवर्जून जोडा, कारण त्या प्रोसेसर, मेमरी वगैरे हार्डवेअरकडून आलेल्या असतात.

सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या डायग्नोस्टिक चाचणीत आलेला एरर कोड. ही चाचणी विंडोज सुरू व्हायच्या आधी चालते, त्यामुळे ‘सॉफ्टवेअरचा घोळ असेल’ हा युक्तिवाद तिथेच संपतो. डेलमध्ये सुरू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ२. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर पॉवरचं बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून ठेवा आणि मग कमांड व डी दाबून धरा. इंटेलच्या मॅकमध्ये सुरू करताना नुसतं डी. झटपट चाचणीवर थांबू नका, विस्तृत चाचणी रात्रभर लावून ठेवा. मेमरीचा संशय असेल तर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा. त्यात एकही चूक चालवून घेण्यासारखी नसते. कोड दिसला की आधी फोटो काढा, कारण पुढच्या वेळी तो येईलच असं नाही.

सपोर्टवाले विंडोज रीसेट करायला सांगतीलच. बॅकअप घेऊन एकदा करून टाका, नाहीतर गाडी तिथेच अडते. त्याआधी एक सोपी परीक्षा करता येते : पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारी, विंडोजऐवजीची प्रणाली) सुरू करा आणि तासभर व्हिडिओ चालू ठेवा. तिथेही लॅपटॉप बंद पडला, तर विंडोज आणि त्याचे ड्रायव्हर निर्दोष ठरतात. हे फोनवर चित्रित करा. चित्रणाची सुरुवात तळाच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरापासून करा आणि दोष दिसेपर्यंत मध्ये कुठेही तोडू नका.

प्रश्न : झाकण उघडताना डाव्या बिजागरीजवळ बॉडी फाकते. सेंटरवाले म्हणतात, ‘फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’

उत्तर : बिजागरीची धातूची पट्टी बहुतेक लॅपटॉपमध्ये प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांत बसवलेल्या पितळी नटांवर स्क्रूने आवळलेली असते. बिजागरी गरजेपेक्षा घट्ट असली की झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर येतो. त्यांना बारीक तडे जातात, एखादा नट उपटून येतो, आणि मग झाकण उघडताना पट्टी खालची बॉडी उचलून धरते. बाहेरून दिसते ती ही फट. म्हणजे यंत्र न पडता, न आपटता हे होऊ शकतं. मात्र पुढे स्क्रीनची चौकट तडकली की सगळंच ‘तुटलेलं’ दिसतं आणि बाजू मांडणं अवघड होतं.

म्हणून फट केसाएवढी असतानाच तक्रार करा. चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो काढा. पडलेल्या लॅपटॉपचा कोपरा चेपतो, रंग उडतो. तुमचे कोपरे कोरे आहेत हेच तुमचं म्हणणं. तक्रारीत ‘बिजागरी अति घट्ट, आतली माउंटिंग निखळली’ असे शब्द वापरा, ‘तुटली’ हा शब्द टाळा. नकार मिळाला तर तो तोंडी घेऊ नका. कोणत्या खुणेवरून बाह्य आघात ठरवला, ते फोटोसह लेखी मागा आणि त्यावर वरच्या पातळीकडे दाद मागा. तोवर झाकण मधोमध धरून उघडा. फट दाबून बसवू नका, गोंद तर अजिबात लावू नका. गोंद दिसला की वॉरंटीचं बोलणंच संपतं.

प्रश्न : मदरबोर्ड बदलणार आहेत. एसएसडीवरच्या फाइलींचं काय?

उत्तर : वॉरंटीत यंत्र येतं, डेटा येत नाही. परत मिळणारा लॅपटॉप कोरा असेल असं धरूनच चाला. पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असू शकतं. तसं असेल तर बोर्डाबरोबर डेटाही जातो. एसएसडी वेगळी असेल आणि दोष तिच्यात नसेल, तर ती काढून घेता येईल का ते आधी विचारा आणि उत्तर जॉबशीटवर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट इतकी वेळा हुकते की ठळक सांगायला हवी : बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की. एसएसडी तीच राहिली तरी बोर्डाबरोबर टीपीएम (या कुलपाची किल्ली सांभाळणारी सुरक्षा चिप) बदलतो, आणि पहिल्याच वेळी सुरू करताना विंडोज ही की मागतं. बिटलॉकर आपण कधी सुरू केलंच नव्हतं असं वाटत असलं तरी तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्या खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवा, कारण खातं उघडायला लागणारं यंत्रच तुमच्याकडे नसेल. मॅक देताना ‘फाइंड माय’ (हरवलेलं यंत्र शोधण्याची सोय) बंद करा. स्वतःचा पासवर्ड देऊ नका; चाचणीसाठी वेगळं साधं खातं उघडून द्या.

परत घेताना काउंटरवरच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) सीरियल नंबर बघा. नव्या बोर्डात तो भरायचा राहिला असेल तर पुढच्या तक्रारीच्या वेळी यंत्र ओळखलंच जात नाही. विंडोज ॲक्टिव्हेट झालंय ना, तेही तिथेच पाहा.

प्रश्न : एकाच दोषासाठी बोर्ड दोनदा बदलला, दोष तसाच. आता बदलून नवा लॅपटॉप मागता येतो का?

उत्तर : मागता येतो, पण काउंटरवरच्या माणसाच्या हातात ते नसतं. कितव्या अपयशानंतर बदलून द्यायचं, हे कंपनीचं धोरण आणि तिथला ग्राहक कायदा ठरवतात. तुमच्या हातात असते ती सलग नोंद : प्रत्येक जॉबशीट, कोणता भाग कधी बदलला, यंत्र किती दिवस त्यांच्याकडे होतं. त्यात दरवेळी दोष एकाच शब्दांत लिहिलेला असेल तर तो ‘वारंवार येणारा एकच दोष’ ठरतो. एकदा ‘स्लो’, एकदा ‘डिस्प्ले’, एकदा ‘पॉवर’ असं लिहिलं गेलं तर कागदावर ते तीन वेगळे दोष होतात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

ईमेलमध्ये थेट लिहा की आणखी दुरुस्ती नको, बदली किंवा परतावा हवा आहे; आणि उत्तरासाठी तारीख द्या. बदली म्हणून मिळणारा लॅपटॉप नूतनीकरण केलेला असू शकतो आणि त्याची वॉरंटी अनेकदा जुन्या मुदतीपुरतीच चालते. होकार देण्याआधी या दोन्ही गोष्टी लेखी विचारून घ्या.

प्रश्न : अकरा महिन्यांत बॅटरी निम्म्यावर आली. बदलून मिळेल?

उत्तर : लॅपटॉपची वॉरंटी जास्त असली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्ष असते, म्हणून याच महिन्यात हलायला हवं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन लिपीत पॉवरसीएफजी लिहून मोकळी जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट लिहा. तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी मिळतात. ५०,००० च्या जागी ३१,००० दिसत असेल तर ६२ टक्के उरली. नैसर्गिक झीज वॉरंटीत येत नाही असं सांगतील. वर्षाच्या आतली इतकी घट दोष म्हणून मांडा, अहवाल जोडा.

टचपॅड वर आला असेल, क्लिक अडत असेल किंवा तळ टेबलावर डगमगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा अहवाल वगैरे काही नको : चार्जर काढा, यंत्र बंद करा, दाबू-टोचू नका आणि तसंच सेंटरला कळवा.

प्रश्न : मी स्वतः रॅम वाढवली. वॉरंटी गेली का?

उत्तर : मॅन्युअलमध्ये रॅम ग्राहकाने बदलता येण्यासारखा भाग म्हणून दिली असेल तर सहसा जात नाही, टाकताना काही मोडलं असेल तर ते तेवढं येत नाही. देताना मूळ रॅम परत बसवा आणि दोष तिच्यावरही येतो का ते पाहा. येत नसेल, तर तुमची नवी रॅमच सदोष आहे आणि तिची वॉरंटी रॅमच्या कंपनीकडे.

प्रश्न : बिलाप्रमाणे दोन महिने शिल्लक आहेत, साइट मात्र ‘वॉरंटी संपली’ दाखवते.

उत्तर : साइटवर बहुधा कारखान्यातून माल निघाल्याची तारीख धरलेली असते, लॅपटॉप दुकानात दोन महिने पडून राहिला तर तेवढा फरक पडतो. सीरियल नंबर छापलेलं बिल साइटवरच्या तारीख-दुरुस्तीच्या अर्जात जोडा. बिलावर तो नंबर नसेल तर विकणाऱ्याकडून शिक्क्यानिशी लिहून घ्या. दुरुस्तीला काही दिवस जातात, म्हणून अर्जाच्या दिवशीच दोषाची तक्रारही नोंदवा आणि तिच्यात अर्जाचा क्रमांक लिहा.